काउंटरमागचं स्टूल

कारिंगचा दिवस सव्वाचारला सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं. त्यांच्या मोलो वस्तीतल्या चर्चची घंटा साडेचारला व्हायची आणि तोवर आईच्या धुण्याची पहिली बादली भरलेली असली पाहिजे, असा घरचा नेम होता. आई लोकांचे कपडे धुवायची. विहीर चार घरं सोडून होती. कारिंग आठ बादल्या आणायची, रात्रीचा भात लसणीवर परतायची, उभ्याउभ्या वाटीभर खायची आणि सातला घर सोडायची. इलोइलो शहरातलं कासा बेलार्मिनो हे दुकान तिथून पाऊण तासाची चाल. पायात चपला, हातात बूट. बूट दुकानाच्या मागच्या दाराशी चढवायचे, म्हणजे ते वर्षभर टिकायचे.

आठला दुकान उघडायचं, सहाला बंद व्हायचं. मधे अर्धा तास जेवणाचा. उरलेला वेळ कारिंग लेस आणि रिबनच्या काउंटरमागे उभी असायची. अठराव्या वर्षी लागली, दुकान कायमचं बंद झालं तेव्हा एकोणपन्नासची होती. एकतीस वर्षं.

एकतीस वर्षं उभी राहिली, हे बोलून टाकायला सोपं आहे. म्हणून जरा उलगडून सांगायला हवं.

उभं राहणं हे शिकावं लागतं. नवखी मुलगी दोन्ही पायांवर सारखा भार टाकते, गुडघे ताठ ठेवते आणि दुपारी दोनच्या सुमाराला तिचा चेहरा पिठासारखा होतो. जुनी बाई एका पायावर भार घेते, मनात शंभर मोजते, मग दुसऱ्यावर घेते. हे करताना खांदा हलता कामा नये. समोरच्या गिऱ्हाइकाला ती देवळातल्या मूर्तीसारखी स्थिर दिसली पाहिजे. बूट अर्धा नंबर मोठा घ्यायचा, कारण दुपारनंतर पाय सुजतो. आत रिबनच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून घालायचा आणि तो दर सोमवारी बदलायचा. जेवणाच्या अर्ध्या तासात दहा मिनिटांत जेवायचं आणि वीस मिनिटं माल ठेवण्याच्या खोलीत जमिनीवर पडून पाय भिंतीला लावायचे. सगळ्या मुली ओळीने पडलेल्या असायच्या, भिंतीवर पायांची रांग.

काउंटरमागे बसायचं नाही, टेकायचं नाही, काउंटरवर कोपर ठेवायचं नाही. दुकानाचे मालक थोरले बेलार्मिनो म्हणायचे, विकणारी बसलेली दिसली की माल शिळा वाटतो. बसण्यासाठी स्टुलं होती. ती काउंटरच्या पुढे असायची, गिऱ्हाइकांसाठी. बाई स्टुलावर बसायची आणि कारिंग लेसचे गुंडाळे हातावर घेऊन काउंटरला वळसा घालून तिच्यापुढे जाऊन उलगडायची.

संध्याकाळी घरी आल्यावर पाय लगेच धुवायचे नाहीत. दिवसभर तापलेल्या पायांवर पाणी पडलं की पास्मा होतो, शिरा फुगतात, पाय थरथरू लागतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आईचं तेच, पण हातांचं. दुपारनंतर ती कपड्यांना कोळशाची इस्त्री करायची, त्यामुळे तिचे हात तापलेले. मग मायलेकी दाराच्या पायरीवर तासभर बसायच्या, आई हात कोरडे धरून आणि मुलगी पाय कोरडे धरून.

आता आई नव्हती. दुकान बंद होऊन सव्वीस वर्षं झाली होती. कारिंग पंच्याहत्तर वर्षांची होती, एकटी राहत होती आणि जाग मात्र अजून सव्वाचारलाच यायची.

अशा एका सोमवारी तिच्या दाराशी एक मुलगी आली. तिशी ओलांडलेली, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. नाव रोवेना. कासा बेलार्मिनोच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर त्या दुकानाचं संग्रहालय होणार होतं आणि तिथल्या वस्तू जमवायचं काम तिच्याकडे होतं.

"नांग कारिंग," मावशी म्हणावं तशी तिने हाक मारली, "तुमच्याकडे दुकानातलं काही आहे का? बिल, डबा, बॅज, काहीही."

"बॅज परत घेतले. बिलं चुलीत गेली."

रोवेनाची नजर खिडकीजवळच्या झुलत्या खुर्चीवर गेली. नारा लाकडाची खुर्ची, वेताची बैठक, पाठीवर पितळेची बोटभर पट्टी: कासा बेलार्मिनो, तिसरा मजला.

"अय्या! ही तर तिथलीच! नांग, ही आम्हाला द्या ना. काचेमागे ठेवू. खाली तुमचं नाव लिहू."

"काचेमागे बसणार कोण?"

"कुणी नाही. नुसती बघायची."

"मग ती खुर्ची कसली, पोरी? तो खुर्चीचा फोटो झाला."

रोवेना हसली. तिने आग्रह धरला नाही. जाताना म्हणाली, "शनिवारी उद्घाटन आहे. त्याआधी एकदा येऊन बघून जा. काही चुकलं असेल तर सांगा."

असं लोक शिष्टाचार म्हणून बोलतात. कारिंगने ते काम म्हणून घेतलं. बुधवारी सकाळी ती संग्रहालयात हजर झाली.

आत शिरताच तिला पॉलिशचा वास आला. तोच, जुना. पितळेचं गल्ल्याचं यंत्र होतं, टोप्यांचे गोल डबे होते, बांधणीच्या कागदाचं रीळ होतं. दाराजवळ नाक मोडलेली एक पुतळी उभी होती, अंगावर पिवळा झगा.

"हिला आम्ही मदर सुपीरियर म्हणायचो," कारिंग म्हणाली. "हिच्यासमोर कुणी चहाडी करायचं नाही. नाक माझ्या मैत्रिणीने, प्रेसिंगने, मोडलं, शिडी नेताना. तीन आठवडे पावडर लावून झाकलं होतं."

रोवेना भराभर लिहून घेत होती. कारिंग पुढे चालली आणि चुका सांगत गेली. सुतळीचा गोळा डावीकडे टांगलाय, तो उजवीकडे हवा; डाव्या हाताने पुडकं दाबायचं असतं. लेसचे गुंडाळे रंगाने लावलेत, ते रुंदीने लावायचे. कात्री काउंटरवर नको, कमरेला दोरीने. रोवेना प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे बदलत होती. तिचं काम कारिंगला आवडलं. पोरगी हात चालवते, नुसती मान हलवत नाही.

मग त्या लेसच्या काउंटरशी आल्या.

काउंटर तोच होता. वरच्या कडेला ठोकलेली पितळेची मोजपट्टीसुद्धा तीच, तेराव्या इंचावर झिजलेली. आणि काउंटरच्या मागे, मुली उभ्या राहायच्या त्या जागी, एक स्टूल ठेवलं होतं. निळी गादी, वळणदार पाय. शेजारी पाटी:

‘विक्रेत्या मुलींसाठीचं आसन. कर्मचाऱ्यांच्या सोयीची काळजी घेणारं हे शहरातलं पहिलं दुकान.’

कारिंगने पाटी दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली.

"हे काढ," ती म्हणाली.

"काय, पाटी? अक्षर बारीक झालंय का?"

"स्टूल काढ. पाटी पण काढ. इथे कुणी बसत नव्हतं."

रोवेनाला वाटलं, म्हातारीची आठवण घसरली. तिने मऊ आवाज काढला. "नांग, याचा पुरावा आहे आमच्याकडे. फोटो आहे." तिने भिंतीवरचा फोटो दाखवला. काउंटरमागे तीन मुली उभ्या. डावीकडून दुसरी कारिंग. फोटो काउंटरच्या टोकाकडून काढलेला, त्यामुळे तिच्या पायांमागे स्टुलाची गादी स्पष्ट दिसत होती.

कारिंग फोटोजवळ गेली. "हा तपासणीचा दिवस."

"कसली तपासणी?"

"सरकारचा माणूस यायचा, वर्षातून एकदा. बायकांना बसायला जागा दिली पाहिजे असा कायदा झाला होता. सकाळी स्टूल पुढून उचलून मागे ठेवायचं, दुपारी तो गेला की मागून उचलून पुढे. उचलायचं कोणी? आम्हीच. या फोटोत बसलंय कोण, सांग."

"कुणीच नाही. पण फोटोसाठी लोक उभे राहतातच की."

"बायका बसतात हे दाखवायला काढलेला फोटो. त्यात तरी एकीला बसवायला नको?"

रोवेनाने पुन्हा फोटो पाहिला. पण तिला पटलं नव्हतं, हे दिसत होतं.

"बरं," कारिंग म्हणाली, "तू बस."

"मी?"

"बस त्याच्यावर. मी गिऱ्हाईक. मला दोन इंची पांढरी लेस दाखव."

रोवेना काउंटरमागे जाऊन स्टुलावर बसली. काउंटरची कड तिच्या भुवयांपर्यंत आली. तिने लेससाठी हात वर केला, तो पलीकडच्या कडेवरच्या मोजपट्टीपर्यंत पोचेना. दाराशी उभा असलेला रखवालदार खो-खो हसायला लागला.

"मिस, तुमच्या केसांची पिन तेवढी दिसतेय! लेस कुठे गेली?"

"ते स्टूल गिऱ्हाइकाचं आहे," कारिंग म्हणाली. "पुढच्या बाजूचं. बसल्यावर मांडीवर माल उलगडता यावा म्हणून बुटकं केलेलं. मागे बसून त्याच्यावर काहीच करता येत नाही."

रोवेना उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मान्य. पण नांग, हे स्टूल दोन्या तेरेसिंगनी दिलंय. थोरल्या बेलार्मिनोंच्या मुलीने. पाटीचा मजकूर त्यांनीच लिहून दिला. इथल्या निम्म्या वस्तू त्यांच्या आहेत."

"मग त्यांना विचार."

रोवेनाने तिथूनच फोन लावला. बराच वेळ ऐकत राहिली. ‘हो मॅडम, हो मॅडम’ म्हणाली आणि फोन ठेवला. "त्या म्हणतात, माझ्या वडिलांनी मुलींना बसायला दिलं होतं. फोटो आहे. विषय संपला."

"फळी कुठे आहे?" कारिंगने विचारलं.

"कसली फळी?"

"काउंटर आणलात, त्याच्यामागची फळी कुठाय? पायाखालची. मोलावे लाकडाची, काउंटरएवढी लांब. खाली फरशी गार, म्हणून फळीवर उभं राहायचं."

रोवेनाला ठाऊक नव्हतं. रखवालदार डोकं खाजवत म्हणाला, "मागे पाण्याचा पिंप कशावर तरी ठेवलाय खरा."

मागच्या अंगणात पिंप होता आणि त्याच्या खाली फळी होती. रोवेना आणि रखवालदाराने पिंप रिकामा केला, बाजूला सरकवला. फळीवर हिरवं शेवाळ धरलं होतं. कारिंगने नारळाचं सोडण मागून घेतलं, खाली बसली आणि घासायला लागली. रोवेना म्हणाली, मी करते. कारिंग म्हणाली, तू पाणी ओत. अर्ध्या तासाने शेवाळ निघालं आणि लाकूड वर आलं.

मोलावे म्हणजे लाकडातलं लोखंड. त्यात खिळा वाकतो. त्या फळीवर तीन ठिकाणी, पावलांच्या जोड्यांचे, अंगठ्याएवढे खोल खड्डे पडले होते. मधल्या जोडीतला डावा जास्त खोल होता.

कारिंगने चपला काढल्या आणि मधल्या जोडीत उभी राहिली. पावलं साच्यात बसावीत तशी बसली. "माझ्या आधी इथे कोणी रेमेदियोस नावाची मुलगी होती," ती म्हणाली. "पण डावा माझा. उजवा गुडघा पावसाळ्यात दुखायचा."

त्याच दुपारी रोवेनाने फळी पुसून, वाळवून काउंटरमागे बसवली. स्टूल मात्र तिला हलवता येईना. "पाटी मी बदलली तर माझी नोकरी जाईल, नांग."

"तुझी नोकरी घालवू नकोस. माझी केव्हाच गेलीय, मी बघते काय करायचं ते."

संध्याकाळी कारिंगच्या घरी तिची जुनी मैत्रीण प्रेसिंग आली. रिबनच्या बाजूला एकोणीस वर्षं उभी राहिलेली, जीभ कात्रीसारखी. सगळं ऐकून ती पंखा हलवत म्हणाली, "अगं, सोड ना! ते म्हणतायत बसलो होतो, तर बसू दे की. जिवंतपणी नाही, निदान पाटीवर तरी बसू."

"मी बसले नाही."

"ते तुला माहीत, मला माहीत, माझ्या गुडघ्याला माहीत. आणखी कुणाला कळून काय उपयोग?"

"प्रेसिंग, आपल्याला दुसरं काय येत होतं? शिक्षण नाही, हिशेब नाही, मशीन नाही. आपण उभ्या राहिलो. नीट उभ्या राहिलो. आता उद्याची पोरं ती पाटी वाचणार आणि म्हणणार, या बायका बसून लेस विकत होत्या, मजा होती. माझी एकतीस वर्षं तेवढीच आहेत. ती मी कुणाला फुकट देणार नाही."

प्रेसिंगने पंखा थांबवला. "म्हणजे तू काहीतरी करणार."

"उभी राहणार."

शनिवारी कारिंग सव्वाचारला उठली. लसणीवर भात परतला. बूट काढले, अर्धा नंबर मोठे, आणि त्यात पुठ्ठा कापून घातला. चालत गेली नाही, जीपनीने गेली. चालत जाणं हा दिखावा झाला असता आणि पाय दिवसभरासाठी राखून ठेवायचे होते.

पावणेआठला ती काउंटरमागे फळीवर उभी होती. पांढरा ब्लाउज, काळा स्कर्ट, कमरेला दोरीने कात्री.

"नांग, उद्घाटन दहाला आहे," रोवेना म्हणाली.

"दुकान आठला उघडायचं."

दहाला दोन्या तेरेसिंग आल्या; बड्या घरच्या बाईला इथे दोन्या म्हणतात. ब्याऐंशी वर्षांच्या, हातात काठी, गळ्यात मोती. फीत कापली गेली, भाषणं झाली. काउंटरवरून जाताना त्या थबकल्या. "कारिंग ना तू? इथे काय करतेस?"

"ड्युटी, मॅडम."

दोन्यांना वाटलं, रोवेनाने हौसेने उभी केली असेल. छान, छान, म्हणाल्या आणि पाहुण्यांबरोबर जेवायला गेल्या.

मग लोक यायला लागले. एका शाळकरी मुलीने काउंटरवर हात ठेवून आजीला विचारावं तसं विचारलं, "लोला, तुम्ही बसत का नाही? मागे स्टूल आहे की."

"बसायची परवानगी नाही."

"कुणाची?"

"ती पाटी वाच. मग माझ्याकडे बघ."

मुलीने पाटी वाचली. कारिंगकडे बघितलं. खाली फळीकडे बघितलं. मग आईला हाक मारली. आईने तेच केलं. दुपारपर्यंत संग्रहालयात सगळ्यात जास्त गर्दी त्या काउंटरपुढे होती. कुणी विचारलं तर कारिंग सांगायची, नाही तर लेसचे गुंडाळे रुंदीप्रमाणे लावत राहायची. आवाज चढवला नाही, कुणाची तक्रार केली नाही.

बाराला प्रेसिंग छत्री आपटत आली. सगळ्या गर्दीतून वाट काढत काउंटरमागे गेली आणि म्हणाली, "सरक. माझ्या खड्ड्यात पाय ठेवलायस." ती तिसऱ्या जोडीत उभी राहिली. तासभर टिकली. एकाला तिने रिबन विकायचाही प्रयत्न केला. मग गुडघा धरून म्हणाली, "बाई गं, माझी पाळी संपली. तू राहा, तुझी हाडं मोलावेची आहेत," आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

तीनला कारिंगच्या पोटऱ्या दगड झाल्या. डाव्या टाचेतून कळ वर मांडीपर्यंत यायला लागली. ती कळ तिच्या ओळखीची होती. तिने डाव्या पायावरून भार काढला, शंभर मोजले, परत दिला. शंभर, परत. खांदा हलला नाही. पूर्वी शंभर मोजून होईपर्यंत पाय ताजा व्हायचा; आता होत नव्हता. मग ती साठच मोजू लागली.

सव्वातीनला दोन्या तेरेसिंग जेवण उरकून चार पाहुण्यांना घेऊन परत आल्या. काउंटर दाखवण्यासाठी वळल्या आणि कारिंगला पाहून त्यांचा आवाज बदलला.

"तू अजून इथेच? सकाळपासून उभी आहेस?"

"हो, मॅडम."

"वेड लागलंय का तुला, या वयात? बस. मागे स्टूल आहे ना!"

"या दुकानात हे वाक्य मी आज पहिल्यांदा ऐकतेय, मॅडम."

दोन्यांनी काठी फरशीवर टेकली. "माझ्या वडिलांनी मुलींना स्टूल दिलं होतं. फोटो आहे भिंतीवर."

"तुम्ही तेव्हा मनिलाला होतात. मी इथे होते."

"म्हणजे माझे वडील खोटारडे होते, असं म्हणायचंय तुला?"

"नाही, मॅडम. ते शिस्तीचे होते. बसू देत नव्हते, पण पगार वेळेवर द्यायचे. तेही लिहा हवं तर. बसत होतो तेवढं लिहू नका."

दोन्या काहीतरी बोलणार होत्या. पण कारिंगचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. गिऱ्हाईक थकलं की ते तोंडाने सांगत नाही. काउंटरवरचा हात सांगतो. बोटं कडेला घट्ट धरतात, नखं पांढरी पडतात. दोन्यांची नखं पांढरी पडली होती. ब्याऐंशीव्या वर्षी त्याही, जेवण सोडलं तर, सकाळपासून पायांवर होत्या.

कारिंगने विचार केला नाही. तिने स्टूल उचललं, काउंटरला वळसा घालून पुढे आणलं, काउंटरजवळच्या खांबाच्या डाव्या बाजूला, जिथे ते असायचं तिथे ठेवलं. कमरेच्या रुमालाने गादी झटकली.

"बसा, मॅडम."

दोन्या बसल्या. पर्स डावीकडे ठेवली, पावलं जुळवली आणि काठी मांडीवर आडवी धरली. कारिंग परत मागे गेली आणि फळीवर, आपल्या जागी उभी राहिली.

बसल्याजागेवरून दोन्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या.

"माझ्या लग्नाची लेस," त्या हळू म्हणाल्या. "मी इथेच बसले होते. आई शेजारी होती."

"तीन दुपारी आलात. शेवटी पहिल्या दिवशी पाहिलेलीच घेतलीत."

एक पाहुणी हसली. दोन्या हसल्या नाहीत. "तू हातावर घेऊन उभी होतीस. आई म्हणत होती, हिचे हात दुखत असतील, लवकर ठरव. मी ठरवलं नाही." त्या थांबल्या. "त्या तीन दिवसांत तू कधी बसलीस?"

"तुम्हीच सांगा, मॅडम. तुम्ही इथून बघत होतात."

बाकावरची प्रेसिंगही उठून पुढे आली होती.

"नाही," दोन्या म्हणाल्या. मग रोवेनाकडे न बघता म्हणाल्या, "स्टूल इथेच राहू दे, पुढे. ती पाटी काढ."

"नवी काय लिहू, मॅडम?"

"मला काय विचारतेस? हिला विचार."

रोवेनाने वही उघडली. कारिंगने गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं सांगितलं: "गिऱ्हाइकांचं स्टूल. विकणाऱ्या मुली आठ ते सहा उभ्या असत. काउंटरमागची फळी बघा."

"एवढंच?"

"एवढंच. अक्षर मोठं काढ."

दोन्या तेरेसिंगनी माफी मागितली नाही. कारिंगला ती नकोच होती, पाटी हवी होती. दोन्या गेल्या, रोवेना हाताने लिहिलेला कागद चिकटवून आली आणि म्हणाली, "नांग, झालं आता. चला, मी घरी सोडते."

"किती वाजले?"

"चार."

"मग दोन तास आहेत."

ती सहापर्यंत उभी राहिली. सहाला कात्रीची दोरी सोडली, लेसवर कापड टाकलं आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

घरी आली तेव्हा उजेड होता. प्रेसिंग सोबत आली होती, ती पाणी तापवायला निघाली. कारिंग म्हणाली, "आत्ता पाणी नको. तापलेत पाय." प्रेसिंग म्हणाली, "पंच्याहत्तर वर्षांत तुला एकदाही पास्मा झाला नाही, तो आज होणार?" आणि तरी तिने पाणी ठेवलं नाही.

कारिंग खिडकीजवळच्या झुलत्या खुर्चीत बसली. पाय पुढे पसरले, धुळीचे, कोरडे.

ही खुर्ची तिने नोकरीच्या अकराव्या वर्षी घेतली होती. दुकानातल्या मुली पगारातून थोडंथोडं कापून देऊन माल घेऊ शकत असत. बहुतेक जणी कापड घ्यायच्या. कारिंगने तिसऱ्या मजल्यावरची ही खुर्ची मागितली, तेव्हा तिथला माणूस म्हणाला होता, तुझ्या झोपडीच्या दारातून आत तरी जाईल का? चार वर्षं पगारातून कापत गेले. मग एका शुक्रवारी दुकानाची गाडी मोलोला आली आणि चौघांनी खुर्ची आडवी करून दारातून आत घेतली.

ती आईसाठी होती. आईचं सारं आयुष्य धुण्याच्या टबापुढे उकिडवं बसण्यात गेलं होतं. पाठीला टेका म्हणून तिला ठाऊक नव्हता. पहिला आठवडा आई खुर्चीच्या कडेवर बसली, परक्याच्या घरी बसावं तशी. दुसऱ्या आठवड्यात कारिंग कामावरून आली, पायरीवर पाय कोरडे धरून बसली आणि म्हणाली, "नानाय, मागे टेक ना. त्यासाठीच आणलीय."

"तू दिवसभर उभी आणि मी टेकून बसू?"

"दुकानात स्टूल आहे, नानाय. काउंटरच्या मागे. आम्ही बसतो."

आईने तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. मग हळूहळू मागे सरकली आणि पाठ टेकली.